सोलापूरकडचा वाडा, गढी आणि मागची बाग नीट कशी पाहावी

वाडा बघायला गेलेली बहुतेक मंडळी दरवाजात फोटो काढतात, चौकात, म्हणजे मधल्या उघड्या अंगणात, एक फेरी मारतात, माडीवरून गावाकडं नजर टाकतात आणि वीस मिनिटांत बाहेर येतात. नेमकं काय बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सोलापूर भागातला वाडा कळायचा असेल तर तीन गोष्टींचा माग काढत फिरायला लागतं: पाणी, ऊन आणि छतावरच्या मातीचं वजन. पाऊस बेभरवशाचा, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, आणि चांगलं लाकूड लांबून आणायचं, अशा मुलखात ही घरं उभी राहिली. आतली जवळपास प्रत्येक सोय या तिन्हीपैकी कशाला तरी दिलेलं उत्तर आहे.

कुठं जायचं

शहरात सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करावी. बहमनी काळातला हा किल्ला दुहेरी तटाचा आहे. भोवती खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. १८१८च्या मे महिन्यात तो इंग्रजांच्या हाती गेला. आत बत्तीस खांबांची वास्तू आहे आणि झाडीही बरीच आहे. तटाच्या कडेनं चालताना दगड न्याहाळत चला. मधूनच एखादा कोरीव दगड आडवा किंवा उलटा बसवलेला दिसतो, तो जुन्या देवळाचा. किल्ल्याला लागूनच हुतात्मा बाग आहे, तिथं बसून डबा खाता येतो.

शहरातच इंद्रभुवन आहे. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेली ही देखणी इमारत आता महापालिकेची आहे. वाडे बघायला निघण्याआधी अर्धा तास इथं उभं राहून बाहेरून ती बघून घ्या. इंद्रभुवनाचा सगळा थाट रस्त्याकडं आहे, वाड्याचा सगळा थाट आत चौकाकडं असतो. हा फरक आधी डोळ्यांत बसला की पुढचं सोपं जातं.

अक्कलकोट सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येत असताना पारद गावी चकमक झाली. तिथं पायावर घातलेल्या मुलाला त्यांनी फत्तेसिंह हे नाव दिलं, आणि अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा तो मूळ पुरुष. राजवाडा आणि शस्त्रागार बघायला जाताना गुरुवार टाळा. स्वामी समर्थांच्या दर्शनाला त्या दिवशी एवढी गर्दी असते की गाडी लावायलाच तास जातो. दत्तजयंती आणि स्वामींचा प्रकटदिन हेही टाळा. मंगळवार-बुधवारची सकाळ उत्तम. रेल्वेनं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. त्यापेक्षा सोलापूरहून एसटी बरी.

नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात येतं, पण सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तास-सव्वा तासात पोचता येतं. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल केला आहे. काळ दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा, साल १६१३. उन्हापासून सुटका म्हणून पाण्याचा किती धीट वापर करता येतो, हे बघायला याहून चांगली जागा या भागात नाही. सांडव्यावरचे नर-मादी धबधबे पाऊस भरपूर झाला तरच पडतात, त्यामुळं ऑगस्टनंतर आधी चौकशी करूनच निघा.

पंढरपूरला होळकर वाडा आणि शिंद्यांचा वाडा, करमाळ्याला निंबाळकरांचा भुईकोट आणि कमलाभवानीच्या देवळाजवळची ९६ पायऱ्यांची विहीर. एका दिवसात मात्र दोनच ठिकाणं घ्या. तिसरं घेतलं की तिन्ही वरवर बघून होतात. आषाढी-कार्तिकीच्या आगेमागे पंढरपूरला वाडा बघायला जाऊ नये. ते दिवस वारकऱ्यांचे असतात, आणि वाडेही त्यांनीच भरलेले असतात.

या सगळ्यांखेरीज जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पाटील-देशमुखांच्या गढ्या (तटबंदीची घरं) आणि वाडे आहेत. त्यांना तिकीट नाही, पाटी नाही, आणि शिकायला सगळ्यात जास्त तिथंच मिळतं. पुढचं बरंचसं त्यांच्याबद्दल आहे.

वेळ आणि सामान

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा मोसम चांगला. मार्चनंतर जायचंच असेल तर सकाळी सातला आत आणि साडेदहाला सावलीत, असा बेत ठेवा. काळ्या दगडाची फरशी अकरानंतर अनवाणी पायाला सोसत नाही, आणि चप्पल तर सोप्याबाहेर (चौकाभोवतीच्या ओसरीबाहेर) काढायला लागणार. म्हणून जाड मोजे जवळ असावेत. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, विजेरी (मोबाइलचा उजेड पुरत नाही, शिवाय बॅटरी संपते), पाच मीटरचा टेप, कोरे कागद, पेन्सिल. सुट्टे पैसेही ठेवा, कारण गावात मोबाइलला रेंज नसली की क्यूआर कोड चालत नाही. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. दिवसभर उन्हात राहून न बिघडणारा याहून चांगला डबा नाही.

अत्तर, सेंट लावू नका. कारण पुढं येईल.

परवानगी

केंद्र किंवा राज्य संरक्षित स्मारक असेल तर, तिकीट असल्यास ते काढून, आत जायचं. भुईकोट केंद्राच्या अखत्यारीत आहे. अशा ठिकाणी हातातल्या मोबाइलनं फोटो काढायला सहसा अडचण नसते. तिपाई, दिवे आणि ड्रोन यांना आधी परवानगी लागते. भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा आहे. १९५८च्या कायद्यात २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

खासगी वाड्याचं वेगळं. आधी मालक कोण ते काढा. बऱ्याच वाड्यांत चार-पाच भावकीतली घरं असतात. एकानं ‘या’ म्हटलं आणि दुसऱ्यानं अडवलं, असं होतं. सरपंच, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीतला शिपाई यांच्यापैकी कुणालाही विचारलं तर कोणता भाग कुणाचा ते लगेच कळतं. शक्य असेल तर आदल्या दिवशी फोन करा. भर दुपारी दोनला कडी वाजवू नका, ती जेवणाची आणि आडवं व्हायची वेळ.

दारात गेल्यावर सरळ बोलावं: ‘मालक, नमस्कार. सोलापूरहून आलोय, वाडा बघायचा होता. चौकापर्यंत येऊ का?’ चौकापर्यंतच विचारायचं. आत बोलवायचं की नाही हे घरच्यांवर सोडायचं. वयस्कर बाईमाणूस दारात असतील तर ‘आक्का’ किंवा ‘काकू’ म्हणून बोला आणि उत्तर येईपर्यंत उंबऱ्याबाहेरच थांबा. देवघर आणि माजघर दाखवा असं आपण होऊन म्हणायचं नाही. किंमत, वाटणी, कोर्टातला वाद हे विषय काढायचे नाहीत. नुसतं ‘किती खणांचा आहे?’ एवढं विचारा (खण म्हणजे काय ते पुढं येईल). या एका प्रश्नानं म्हातारी माणसं खुलतात, आणि पुढचा तासभर तीच तुम्हाला हिंडवतात.

आधी बाहेरून एक फेरी

आत शिरण्याआधी वास्तूला पूर्ण फेरी मारा. गढी असेल तर खाली दगड आणि वर पांढऱ्या मातीची भिंत दिसेल. माती आणि दगड मिळतात ती रेघ किती उंचीवर आहे ते बघा. जमिनीतली ओल आणि छपराचं उडणारं पाणी मातीपर्यंत पोचू नये म्हणून दगड तेवढा वर नेलेला असतो. जिथं रस्त्याची पातळी वर्षानुवर्षं मुरूम टाकून वाढली आहे, तिथं ती रेघ जमिनीच्या जवळ येते. भिंतीचा पाय ओला राहतो आणि बुरूज तिथूनच फुगतो. ढासळलेल्या गढीभोवती खड्डे दिसले तर ते बहुधा गावानं माळवदासाठी, म्हणजे मातीच्या सपाट छतासाठी, नेलेल्या पांढऱ्या मातीचे असतात.

भेगांत वड-पिंपळाची रोपं दिसतील. ती ओढून काढायचा मोह आवरा. मूळ सांध्यातल्या चुन्यासकट बाहेर येतं आणि भेग रुंद होते. मालकांना दाखवा, तेवढं पुरे.

पाण्यामागून बाग

बाग बघायची ती विहिरीपासून, उताराच्या दिशेनं. फुलझाडांपासून सुरुवात केली तर बागेची आखणी कधीच कळत नाही.

मोटेच्या (बैलांनी ओढायच्या कातडी पिशवीच्या) विहिरीवर आधी धाव शोधा, म्हणजे बैल चालायची उतरती वाट. तिची लांबी पावलांनी मोजा. बैल जेवढे पुढं जाणार तेवढीच मोट वर येणार, म्हणून धावेच्या लांबीवरून बांधणाऱ्यानं पाणी किती खोल धरलं होतं त्याचा अंदाज येतो. आज पाणी त्याहून कितीतरी खाली असेल. विहिरीच्या काठावर पुढं आलेले दगडी हात दिसतात, त्यांच्यावर चाक बसायचं. काठाच्या दगडाला बोटं लावून बघा: नाडा (मोटेचा दोर) घासून गुळगुळीत घळ पडलेली असते. एकाच जागी दोन घळी असतील तर तिथं दोन मोटा शेजारी-शेजारी चालत होत्या. (कठडा नसलेल्या विहिरीच्या काठाला वाकून बघायचं नाही. सुटा दगड पायाखालून निसटतो. गुडघ्यावर बसून, मागं एकाला धरून मगच खाली बघा.)

मोट थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, रिकामी व्हायची. थारोळ्यातून पाट, पाटातून हौद, हौदातून वाफे. पाटाचा उतार इतका हलका असतो की डोळ्यांना दिसत नाही. बाटलीतलं थोडं पाणी ओतलं की ते कोणत्या बाजूला वळतं ते दिसतं. हौद कारंज्यापेक्षा किती उंच आहे ते टेपनं मोजा. हौदातली पातळी कारंज्याच्या तोंडापेक्षा दहा फूट वर असेल तर पाणी दहा फुटांच्या आतच उडणार, आणि नळीतल्या घर्षणामुळं प्रत्यक्षात आणखी कमी. पंप नसताना कारंजं कसं उडायचं, याचं उत्तर एवढंच. बहुतेक जुनी कारंजी बंद पडली ती क्षार साचून तोंडं बुजल्यामुळं, किंवा जमिनीतले खापरी नळ वरून ट्रॅक्टर गेल्यानं फुटल्यामुळं.

आता झाडं. न्हाणीघराचं सांडपाणी जिथं बाहेर पडतं तिथं केळ, कर्दळ, अळू असणार, कारण वापरलेलं पाणी वाया घालवणं या भागाला परवडलेलंच नाही. पूजेची फुलं, म्हणजे तगर, जास्वंद, पारिजातक, मोगरा, घराच्या जवळ. बेल आणि औदुंबर देवाच्या बाजूला. डाळिंब, सीताफळ, कवठ त्यापलीकडं, कारण एकदा जीव धरला की त्यांना पाणी कमी लागतं. चिंच कुंपणापाशी किंवा बाहेर. तिच्या दाट सावलीत वाफे चालत नाहीत. हा क्रम सापडला की बाग जुन्या आखणीवर टिकून आहे असं समजा. विस्कटलेला असेल तर मधली पाण्याची वाट तुटली आहे, ती कुठं तुटली ते शोधा.

‘ही पेशवाईतली बाग’ असं कुणी सांगितलं आणि मध्यभागी गुलमोहर असला, तर निदान ते झाड त्या काळातलं नाही. गुलमोहर मादागास्करचा, आपल्याकडं आला एकोणिसाव्या शतकात. बोगनवेलही दक्षिण अमेरिकेतली. मालकांशी वाद घालू नका, वहीत टिपून ठेवा.

पारिजातकाचा सडा बघायचा तर पावसाळ्याच्या शेवटी, सकाळी आठच्या आत. मोगऱ्याला उन्हाळ्यातली संध्याकाळ. पांढरा चाफा हिवाळ्यात नागडा उभा असतो, त्याला वाळलेला समजून ‘तोडून टाका’ असं सुचवणारे पाहुणे भेटतात. तो मेलेला नसतो.

दरवाजातून आत

मोठ्या दरवाजात छोटी दिंडी असते. आत जाताना वाकायला लागतं आणि पाय उंच उचलायला लागतो. डोकं आणि नडगी दोन्ही सांभाळा. आत गेल्यावर वळून दरवाजाची मागची बाजू बघा, कारण खरं कसब तिथं आहे. भिंतीत चौकोनी भोक दिसेल, अडसराचं. अख्खं लाकूड भिंतीच्या पोटात सरकून जाईल एवढी ती पोकळी खोल असते. विजेरी मारून बघा, हात घालू नका. विंचवाची ती आवडती जागा. देवडीत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या जागेत, पहारेकऱ्यांचे कट्टे आणि कोनाडे असतात. वाट बहुतेक वेळा देवडीतून सरळ चौकात न जाता वळून जाते, त्यामुळं दरवाजा उघडा असला तरी रस्त्यावरून आतलं दिसत नाही.

चौकात गेल्यावर लगेच फोटो काढू नका. खांब मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ते एकदा टेपनं मोजलं, साधारण पाच ते सात फूट भरतं, की नुसते खण मोजून सगळ्या वाड्याचं माप कागदावर उतरतं. तुळई जेवढी लांब नेली तेवढी ती वाकणार, म्हणून खणाचं माप लाकडानं ठरवलं आहे. एका कागदावर चौक काढा, उत्तर दिशा टाका, भोवती सोपे आणि खोल्या जोडा. अर्ध्या-पाऊण तासात नकाशा होतो, आणि कागदावर खोलीचं माप भिंतीशी जुळलं नाही की तिथं भिंतीत बळद (धान्याची कोठी) किंवा जिना आहे हे लक्षात येतं.

पेवाचं, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्याचं, झाकण उघडं दिसलं तरी आत उतरायचं नाही. बंद पेवात धान्य कुजून विषारी हवा साचते, प्राणवायू नसतो. उतरणारा काही क्षणांत खाली पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही.

माळवद

या भागातल्या वाड्याचा खरा जीव छतात आहे. खाली तुळया, त्यांच्यावर कडीपाट (कड्या आणि फळ्या) किंवा किलचणं (बारीक लाकडी पट्ट्या), त्यावर पाला, मग चिखल, आणि सगळ्यात वर पाणी न मुरू देणारी खारी माती. फूटभर जाडीचा हा थर दुपारचं ऊन पोटात धरून ठेवतो. आतल्या बाजूला ऊब पोचेपर्यंत रात्र होते, म्हणून उन्हाळ्यात दुपारी माजघरात आणि रात्री माळवदावर झोपायचं अशी रीत पडली. छतात मधूनमधून उजेडाला साणं, म्हणजे झरोका, ठेवलेलं असतं. सकाळी दहाच्या सुमारास त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा कुठल्या भिंतीवर येतो ते बघा. जातं, चूल किंवा दळणाची जागा बहुधा त्याच्या आसपास सापडते.

मात्र मातीच्या त्या थराचं वजन चौरस मीटरला साधारण अर्धा टन भरतं. दर वर्षी पावसाआधी नवी माती टाकायची आणि जुनी खरवडायची नाही, असं केलं की हे वजन वाढतच जातं. माळवद पडण्याचा क्रम ठरलेला असतो: पन्हाळ (छतावरचं पाणी बाहेर सोडणारी नळी) पालापाचोळ्यानं तुंबते, वर तळं साचतं, माती भिजून जड होते, पाणी भिंतीत झिरपतं, आणि तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं. तुळई मधून मोडायच्या आधी टोकाशी बसते.

म्हणून कुठल्याही खोलीत शिरण्यापूर्वी उंबऱ्यातून वर बघायचं. तुळईच्या टोकाशी काळा डाग, खाली पडलेली बारीक लाकडी पूड, भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेघा, मधोमध आलेला झोल, यातलं एकही दिसलं तर त्या खोलीत जाऊ नका. माडीवर एका वेळी चार-पाच जणांहून जास्त नकोत, आणि चालायचं ते भिंतीच्या कडेनं. सगळे मिळून मधोमध उभं राहून फोटो काढणं हा सर्वांत वाईट प्रकार. जिने भिंतीच्या जाडीत असतात, पायऱ्या फूटभर उंच आणि पाऊल मावणार नाही एवढ्या अरुंद. चढताना एकेकानं, उतरताना तिरकं होऊन. पावसाळ्यात आणि मोठ्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस माळवदावर जाऊच नये. भिजलेली मातीची भिंत पाऊस थांबल्यावरही पडते.

मधमाश्या

कमानीखाली, उंच झाडावर किंवा बुरुजाच्या आतल्या अंगाला आग्या मोहोळ असतं. अत्तराचा वास, धूर, आरडाओरडा, ड्रोनचा आवाज, यांनी माश्या उठतात. उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत, तळ्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखानं किंवा कार्डानं खरवडून काढा. दहा-बारा डंख झाले, किंवा एका डंखानंही श्वास लागला, की थेट दवाखाना गाठा.

फोटो आणि नोंदी

चित्रं, रंगकाम असलेल्या भिंतीवर फ्लॅश नको. अंधाऱ्या सोप्यात मोबाइल खांबाला टेकवून धरला की फोटो हलत नाही. प्रत्येक खोलीचा पहिला फोटो उंबऱ्यातून, मग छताचा, मग एका वस्तूचा जवळून, उदाहरणार्थ गणेशपट्टी (दारावरची गणपतीची पट्टी), खांबाची तळखडी (खालचा दगड), कडीकोयंडा. फोटोत टेप किंवा पेन्सिल ठेवली तर नंतर माप काढता येतं. घरातल्या माणसांचे, विशेषतः मुलाबाळांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत. दागिने, जुनी कागदपत्रं, शस्त्रं आणि बंद खोल्यांचे फोटो सगळ्यांसाठी टाकू नका. वाडे रिकामे असतात आणि चोरांनाही वाचता येतं. गावाचं नाव द्यायचं की नाही हे मालकांना विचारून ठरवा.

निघण्यापूर्वी तुंबलेली पन्हाळ, कुजलेलं तुळईचं टोक किंवा भेगेतलं पिंपळाचं रोप दिसलं असेल तर ते मालकांना जागेवर नेऊन दाखवा. मे संपायच्या आत पन्हाळ मोकळी केली तर बांबू आणि दोन माणसांचं तासाभराचं काम असतं. आठवड्याभरात नकाशाची एक प्रत आणि चार-पाच छापील फोटो पोस्टानं पाठवा, मागं तारीख घालून. पुढच्या डागडुजीच्या वेळी गवंड्याला दाखवायला तेच उपयोगी पडतात.